दारावरचा पोचा

फोटोवाल्या काकूंनी उभी हयात पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवली. मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागे पांढराशुभ्र पडदा. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या त्या कॉम्प्युटरवर हळूच पुसून टाकायच्या आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण हल्ली जो तो फोनवर फोटो काढायला लागला आणि दुकानात माशा मारायची वेळ आली. अशात जुन्या गाड्यांच्या क्लबाने कॅलेंडरसाठी फोटो मागितले. हे काम मिळालं तर दुकान तगणार होतं, नाहीतर शटर खाली.

काकूंनी जीव ओतून फोटो काढले. सगळ्या गाड्या अगदी समोरून, दोन्ही दिवे सारखे, मागे पांढरं.

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. फोटो बघून ते म्हणाले, "काकू, गाड्यांना व्हिसा काढायचाय का?"

सगळे खो खो हसले. काळ्या गाडीच्या मालकीणबाई, एक आजी, तेवढ्या हसल्या नाहीत.

"माझ्या गाडीच्या दारावरचा पोचा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"पुसला की! अगदी नव्यासारखी केली."

"आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी फाटकाला ठोकली होती. जन्मभर त्यावरून टोमणे मारले मी. आता ते नाहीत, आणि पोचाही तुम्ही पुसलात."

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यांनी सुनेसमोर क्लबाचा पार उद्धार केला. सुनेने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आई, पोचा होता ना पण?"

काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. राग कधीच उतरला होता, आता लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी उन्हं कोवळी असतानाच त्या सुनेला घेऊन आजींच्या दारात हजर झाल्या. कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी गाडीभोवती फिरल्या, पोच्यावरून हात फिरवला. मग गुडघे कुरकुरत असताना चक्क जमिनीवर बसल्या. चकचकीत दारात त्यांची लाल साडीच दिसायला लागली, तेव्हा सुनेने काळी चादर आडवी धरली. तिरप्या उन्हात पोचा स्पष्ट उठून दिसला.

क्लबाच्या पुढच्या बैठकीत आजींनी तो फोटो कितीतरी वेळ हातातून सोडला नाही. "हाच तो! फाटकात गाडी वाकडी घातलीच होती त्यांनी," असं म्हणत हसल्या आणि डोळे पुसले.

डॉक्टरांनी फोटो कॅलेंडरसाठी निवडलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. पण गप्प बसतील तर ते डॉक्टर कसले!

"पुढची चाकं सरळच ठेवलीत. जरा वळवली असती तर गाडीत जान आली असती."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू खुर्ची ओढून डॉक्टरांच्या शेजारी बसल्या.

"कुठल्या बाजूला वळवायची?"