अमेरिकन चायनीज भेळ, हाउन्सलो

आपण कुठल्या देशाचा पदार्थ विकतो, हे हरिदास मेश्रामला परवाच्या शनिवारपर्यंत पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर एअरपोर्टवर बॅगा चढवणारा हा नागपूरकर शनिवारी विलायतेतल्या हाउन्सलोच्या बाजारात चायनीज भेळ विकतो: तळलेल्या नूडल्स, कोबी, शेजवान चटणी आणि भरपूर आत्मविश्वास. हे शेजवान कुठं आलं, असं विचारलं तर तो शेजारच्या स्लाव गावाच्या दिशेनं हात करतो.

बाजाराच्या नव्या मॅनेजर नीनाबाईंनी नियम काढला: एका देशाचा एकच स्टॉल.

"इंडियनमध्ये वडापाव आहे, चायनीजमध्ये मिसेस लाऊंचे डम्पलिंग. मग तुम्ही कोण?"

"मी हरिदास."

"तसं नाही हो! देश सांगा, नाहीतर आजच स्टॉल गुंडाळा."

हरिदासचं तोंड पार उतरलं. बायको चंदाबाई कडाडली, "म्हटलं होतं, पोहे विका! चीनशी काय घेनंदेनं आपल्याले?"

"अवं, पोहे इंडियनच ना!"

शेवटी निवाडा मिसेस लाऊंवर सोपवला. हाँगकाँगच्या या आजींनी एक घास खाल्ला. मग दुसरा.

"हे चिनी नाही."

हरिदास मटकन कोबीच्या क्रेटवर बसला.

"माझे पणजोबा सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेले," आजी खातच म्हणाल्या. "खाणीतून त्यांना हाकललं. मग रेल्वेसाठी डोंगर फोडले. रूळ झाले, काम संपलं. चिनी माणसाला उरलं काय? गोऱ्यांचे कपडे धुवा, नाहीतर त्यांना रांधून घाला. पणजोबांनी हाताला लागेल ते परतलं, वर रस्सा ओतला आणि 'चॉप सुई' म्हणून विकलं. गावी येऊन करून दाखवलं, तर पणजी म्हणाली, हे कुठलं?"

"मग?" हरिदासनं घाबरत विचारलं.

"म्हणाले, अमेरिकेचं. तुझंही त्याच जातकुळीचं."

नीनाबाई गोंधळल्या. "म्हणजे ही भेळ... अमेरिकन?"

अमेरिकेची जागा रिकामीच होती. त्यांनी खडूनं पाटीवर तसं लिहून टाकलं.

"अहो मॅडम, पण मी नागपूरचा—"

चंदाबाईनं कोपर मारलं. "चूप बसा! जागा भेटली ना?"

दुपारी एका गोऱ्या आजोबांनी पाटी वाचून बर्गर मागितला. हरिदासनं भेळ दिली. आजोबांनी खाल्ली, नाक पुसलं, डोळे पुसले.

"टेक्सासचं तिखट?"

हरिदासनं केविलवाणं चंदाबाईकडं पाहिलं.

"यस," चंदाबाई म्हणाली. "चटणी और देऊ?"