गाणारीचा हात

आयर्लंडला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी दुपारी ती मला गावातल्या पबमध्ये घेऊन गेली. ओर्ला नावाची तिथलीच मुलगी स्वतः रचलेलं नवं गाणं पहिल्यांदाच आपल्या गावासमोर म्हणणार होती. शहरात तिचं नाव होऊ लागलं होतं. पण गावानं नाक मुरडलं तर गिटार समुद्रात फेकीन, असं म्हणाली होती म्हणे.

गिटार बाजूला ठेवून ती नुसत्या गळ्यानं गाऊ लागली. अशी शांतता पसरली की बिअरचा फेस बसताना ऐकू येत होता. माझ्या ग्लासातला तर चक्क सुरात बसला. पहिल्याच कडव्याला तिचा आवाज कापला. तेवढ्यात तिच्या शेजारी बसलेल्या, जहाजाएवढ्या धिप्पाड म्हाताऱ्या कोळ्यानं तिचा हात धरला आणि जातं ओढावं तसा हळूहळू गोल फिरवू लागला.

"हे काय गं?" मी कुजबुजलो.

"जुनी रीत आहे बाबा. गाणं मनाला लागलं की ऐकणारा असा हात धरतो."

जात्याला दुसरा हात लागला की दळण हलकं होतं, तसा तिचा आवाज सुटला. मी जन्मभर दाद दिली ती लांबून, मान हलवून. गाणं असं ओढूही लागता येतं, हे ठाऊकच नव्हतं.

गिटार कोरडी राहिली. टाळ्या थांबल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आता माझा हात सोडा ना! गाणं कधीच संपलंय."