आउगुस्टेची सही

कार्ल्सरूहेत रेल्वेच्या रुळांलगत भाड्याने मिळणारे बागेचे तुकडे आहेत. त्यांतल्या एकात ऊर्मिलाताई गेली बारा वर्षं मेथी आणि वालपापडी पिकवतात. बाई तोंडाची फटकळ, पण बाग बघावी तर तिचीच. यंदा बागसंघाने आपल्या जुन्या वह्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि पंचाईत झाली. एकोणिसाव्या शतकातलं ते गिचमिड जर्मन हस्ताक्षर वाचणार कोण? तरुण जर्मनांनी हात टेकले. पुण्यात हौसेने मोडी शिकलेल्या ताईंनी महिन्याभरात ती लिपी वठणीवर आणली.

अठराशे ब्याण्णवच्या वहीत कोबीचं पहिलं बक्षीस होतं 'माळी फोगेल यांची पत्नी' हिला. पुढची चार वर्षंही तिलाच. कोबीच्या जातीचं नाव लिहिलेलं, बाईचं नाही! ताईंचं डोकंच फिरलं. पण बक्षीस मिळाल्याची सही तिने स्वतः केली होती, वाकडी पण ठसठशीत: आउगुस्टे.

ताईंनी फलकासाठी तेच नाव लिहून दिलं. छापून आलं, 'माळी फोगेल यांची पत्नी'.

"कारकुनाने जे नोंदवलं तेच छापलं," अध्यक्ष केसेल म्हणाले.

"सहीसुद्धा नोंदच आहे," असं म्हणून ताईंनी प्रदर्शनात फलकाशेजारी ठाण मांडलं. येईल त्याला थांबवून सांगू लागल्या, "हिचं नाव आउगुस्टे." दुपारपर्यंत केसेलसाहेब वैतागले.

"हे ठरवणार सभासद. आणि सभासद तुमचे मिस्टर आहेत."

ताईंनी तिथल्या तिथे आपल्या बागेचा भाडेकरार मागवला. आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी फॉर्मवर 'ऊर्मिला नागेश' लिहिलं होतं. नागेश हे नवऱ्याचं नाव आहे असं कळताच कुणीतरी 'ऊर्मिला' खोडून टाकलं होतं. संतापलेल्या ताई शेजारी कॉफी घेत बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही त्या बागेत कधी एक तण तरी उपटलंय का?"

"छे! मला वाकता कुठे येतं?" नागेशराव कॉफी ढवळत म्हणाले. "गेनाऊ, अगदी हेच सांग त्यांना."

ताईंनी पर्समधून पेन काढून केसेलसाहेबांपुढे धरलं.

"फ्राऊ ऊर्मिला, सहाला सभागृह बंद होतं," ते पुटपुटले.

"मग मला आत ठेवून कुलूप लावा. नाहीतर लिहा. आधी तिचं नाव, मग माझं."