कपाटातले अकरा लॅपटॉप

पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी त्या शाळेतले उघडे कपाट अजून नजरेसमोरून हलत नाही.

नेसरीकडच्या एका गावच्या शाळेत ‘प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप’ योजना आली होती. नियोजनाच्या बैठका महिनोन्महिने चालल्या. मांडव, फेटे, हार, पाहुण्यांच्या खुर्च्या, सगळे ठरले. वर्गात चार्जिंगची सोय काय, एवढेच विचारायचे राहिले. फोटो झाले आणि लॅपटॉप कपाटात गेले.

दहावीची परीक्षा आठवड्यावर आली असताना मुख्याध्यापकांचा ठाण्यात फोन आला. ‘‘साहेब, अकरा लॅपटॉप चोरीला गेलेत. उद्या तपासणी आहे!’’

कपाटाचे कुलूप शाबूत होते. दुसरी किल्ली शाळेच्या शिपायाकडे. तीन महिन्यांनी निवृत्त होणारा माणूस. त्याला ठाण्यात बसवून चहा दिला.

‘‘मामा, लॅपटॉप कुठे आहेत?’’

‘‘मीच घेतल्यात. टाका की आत.’’

‘‘विकले?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग ठेवलेत कुठे?’’

‘‘त्ये तेवढं इचारू नका, साहेब.’’

चोर आधी गुन्हा नाकारतो. हा गुन्हा कबूल करून माल लपवत होता. पेन्शन अडकेल म्हणालो, तरी ठिकाण सांगेना.

मी पुन्हा शाळेत जाऊन रिकामी खोकी पाहिली. प्रत्येकावर विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी होती. अकराही जण दहावीचे आणि एकाच वाडीचे. चोर नावे वाचून माल उचलत नाही. आणि ती वाडी शिपायाची होती.

वाडीत दूध संस्थेचे सकाळचे संकलन आटोपले होते. फॅट मोजायच्या यंत्राशेजारी अकरा मुले लॅपटॉप उघडून अभ्यास करत होती. मला पाहून एक मुलगी उभी राहिली.

‘‘मामांनी दिल्यात. हितं इन्व्हर्टर हाय. परीक्षा झाली की परत ठेवणार हुतो.’’

ठाण्यात येऊन शिपायाला विचारले, ‘‘हे आधी का नाही सांगितलं?’’

‘‘तुम्ही जप्त केलं असतं. म्हंजे परत कपाटच की.’’

आमच्या मुद्देमालाच्या खोलीत गेलेली वस्तू लवकर बाहेर येत नाही.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. ‘‘एखादा फुटला तर सही माझी आहे हो,’’ म्हणाले. मी खोक्यावरची नावाची एक चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. ती वाचून ते लेखी फिर्याद न देताच उठले. स्टेशन डायरीत मी नोंद केली : वस्तू ज्यांच्या नावाच्या, त्यांच्याकडेच मिळाल्या. गुन्हा नाही.

शिक्षण खात्याने मात्र शिपायाची चौकशी लावली. तो निवृत्त झाला त्या दिवशी ना मांडव, ना हार. त्या अकरा मुलांखेरीज फक्त मी गेलो होतो.

नोकरीभर मी विचारत आलो, वस्तू कोणी नेली? ती मुळात कोणाची, हे आधी विचारावे, हे मला त्या शिपायाने शिकवले.