उतारावर मारलेली पायडलं

बायकोच्या मामांचं गाव जुन्या गोंड किल्ल्याच्या टेकडीवर होतं. नव्वदच्या दशकात तिथवर गिट्टीचाच रस्ता होता. चढताना आम्ही दोघांनी सायकल ढकलली. परत निघताना पाहिलं, तर ब्रेकचे रबर पार झिजलेले, आणि पुढे वळणावळणाचा उतार.

मामा म्हणाले, "कॅरिअरले एक फांदी बांधा, जावई. ते घासत येते, मंग सायकल पयत नाई. आमी सारे असेच उतरतो."

मला अंदाजपंचे चालत नाही. माझं वजन, बायकोचं वजन, उतार, सगळं धरून मी ऐनाची पडलेली दणकट फांदी निवडली.

"हे फांदी हाय का झाड?" बायको म्हणाली. "मी पायीच येतो."

हिशेब चोख निघाला. सायकल पळाली नाही, पण चाललीही नाही. अख्खा उतार मी उभा राहून पायडल मारत उतरलो. दुसऱ्या वळणावर बायको मला मागे टाकून गेली.

पायथ्याशी पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता. टपरीवाल्या बाईने माझ्या मागे पाहून विचारलं, "सरपण विकून राह्यले का, भाऊ?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोने फांदी तिला देऊन टाकली आणि कॅरिअरवर बसून घेतलं.