बाईंचा हेवा

बाईंनी चपला घातल्या की बैठक संपली, हे आमच्या विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होतं. बैठक विद्यापरिषदेची असो की अधिष्ठात्यांची, बाई खुर्चीवर बसल्या की पहिल्यांदा टेबलाखाली चपला काढून ठेवत आणि अनवाणी पाय फरशीवर टेकवून बसत. चर्चा तासभर चालो की चार तास, त्या मध्ये फारसं बोलत नसत. मग कधीतरी टेबलाखाली पायानं चपला चाचपडल्याचा आवाज येई. कुलगुरू बोलायचे थांबत, कुलसचिव पेनाला टोपण लावत. "झालं ना सर? मंग ठराव लिहून घ्या," बाई म्हणत, आणि ठराव लिहिला जाई. कुलगुरूंच्या उजव्या हाताची ती खुर्ची प्र-कुलगुरूंची होती. ती मला हवी होती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाईंबद्दल प्रेमानं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सात वर्षं त्यांच्यावर जळत होतो, त्यामुळे मी त्यांना इतरांपेक्षा जास्त बारकाईनं पाहिलं आहे.

मी विज्ञान शाखेचा अधिष्ठाता, विषय वनस्पतिशास्त्र. बाई मानव्यविद्येच्या अधिष्ठाता होत्या. बाहेरून आलेल्या कुलगुरूंनी प्र-कुलगुरू नेमताना आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. माझ्याजवळ शोधनिबंधांची यादी होती, परदेशातल्या दोन परिषदांची प्रमाणपत्रं होती. बाई हात हलवत आल्या होत्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "तुमचंच होईल सर. मले तर काही विचारलंच नाई, सारा वेळ मी गावाकडल्या गोष्टी सांगत बसली." आठ दिवसांनी आदेश निघाला, त्यांच्या नावाचा. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण ओरडलो.

बाई सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठच्या गावच्या. घर मासेमारी करणाऱ्यांचं. वडील जाळी विणायचे, आणि ती सवय बाईंच्या बोटांत उतरली होती. समोरचा माणूस बोलत असला की त्या फाईलची नाडी हातात घेत आणि नकळत गाठी मारत जात. आमचा कक्ष अधिकारी वैतागायचा. प्र-कुलगुरूंच्या दालनातून आलेली फाईल सोडवायला त्याला पाच मिनिटं लागत. "बाईंनी लक्ष देऊन ऐकलं दिसते," असं म्हणत तो गाठी सोडवत बसे. माझ्याकडून गेलेल्या फायलींना गाठी कमी असत की जास्त, हेसुद्धा मी चोरून पाहत असे.

त्यांची बोली मात्र मला सर्वांत जास्त खुपायची. कुलगुरूंसमोर, मंत्र्यांसमोर, दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसमोर त्या "मले", "तुमाले", "काऊन" असंच बोलत. माझे वडील भद्रावतीच्या फॅक्टरीत कामगार. आमच्या कॉलनीतल्या घरातही हीच भाषा होती. पुण्यात शिकताना मी ती एकेक शब्द करून पुसली होती. वडील भेटायला वसतिगृहावर आले, तेव्हा ते चारचौघांत बोलू नयेत म्हणून मी त्यांना घाईघाईनं बाहेर चहाला नेलं होतं. जी गोष्ट मी इतक्या कष्टानं टाकली, ती अंगावर घेऊन ही बाई माझ्या पुढे बसली होती आणि तिचं काही अडत नव्हतं.

माझ्या दालनाबाहेर बाक होता, रिकामा. बाईंच्या दालनाबाहेर बाक नव्हता, तरी तिथे माणसं उभी असत. कुणाची गुणपत्रिका अडकलेली, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र हरवलेलं, कुणी नुसतीच भेटायला आलेली. जानकी नावाची माझी विद्यार्थिनी एटापल्लीकडच्या पाड्यातली, तिच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पाच वर्षं मी तिच्या प्रबंधावर मेहनत घेतली, एकेक परिच्छेद तीन-तीनदा तपासला. तोंडी परीक्षा संपली, बाहेरच्या परीक्षकांनी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली, आणि पोरगी रडत रडत उठून थेट वरच्या मजल्यावर बाईंच्या पाया पडायला धावली. परत आल्यावर माझ्याही पाया पडली. तोवर मी चेहरा नीट करून ठेवला होता.

मूल्यांकन समिती आली तेव्हाची गोष्ट तर मला अजून लागते. पंधरा वर्षं जंगलं तुडवून मी वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा केला होता. प्रत्येक पानावर शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख. समितीला तो दाखवायचं ठरलं. तेवढ्यात बाईंनी व्हरांडा झाडणाऱ्या शेवंताबाईंना आत बोलावलं. "शेवंता, या पाल्याले तुमच्याकडे काय म्हनतेत, सांग या सायबाइले." शेवंताबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि पानं उलटत गोंडी नावं सांगायला सुरुवात केली. कुठलं तापाला, कुठलं बाळंतिणीला, कुठलं दुष्काळात भाजी म्हणून. समितीचे अध्यक्ष खुर्ची ओढून बसले. माझी शास्त्रीय नावं कुणी वाचलीच नाहीत. अहवालात त्या संग्रहाचं भरभरून कौतुक आलं आणि बाईंनी आग्रह धरून श्रेय माझ्या एकट्याच्या नावावर लिहायला लावलं. त्यांनी ते स्वतःकडे घेतलं असतं, तर मला त्यांचा नीट राग तरी करता आला असता.

राग काढायला मी दुसरी जागा शोधली. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडच्या पोरांना पदव्युत्तर परीक्षेसाठी दोनशे किलोमीटर गडचिरोलीला यावं लागे. रस्ता फुटलेला, बस मिळाली तर मिळाली. तीन आठवडे इथे खोली करून राहायचं. मुलगे कसेबसे येत. मुलींना घरचे पाठवत नसत, त्यांचं शिक्षण बी.ए.वरच थांबे. बाईंनी सिरोंच्याला परीक्षा केंद्र उघडायचा ठराव आणला. मी उठून उभा राहिलो. प्रश्नपत्रिकांची गोपनीयता, वाहतुकीतली जोखीम, नियमावलीतलं अमुक कलम. मी चांगला बोललो. ठराव पडला. पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा आणला आणि मी पुन्हा पाडला. दुसऱ्यांदा तर माझं म्हणणं मला स्वतःलाच पटत नव्हतं. बाईंनी नुसतं विचारलं, "सर, तुमी कधी सिरोंच्याच्या बसमध्ये बसले?" मी म्हणालो, "प्रश्न भावनेचा नाही, नियमाचा आहे." त्या दिवशी बैठक संपली तरी त्यांनी कितीतरी वेळ चपला घातल्या नाहीत.

मग कुलगुरूंची मुदत संपली. नव्या कुलगुरूंच्या निवडीसाठी शोध समिती बसली आणि शेवटच्या पाच नावांत बाईंचं नाव आलं. साऱ्या भागाला आनंद झाला. आपल्या मातीतला माणूस पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसणार म्हणून शिपायांनी आधीच हार सांगून ठेवले. एक दिवस दुपारी मला फोन आला. समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक, माझ्या मार्गदर्शकांचे मित्र. म्हणाले, "तू त्यांच्याबरोबर काम केलं आहेस म्हणून विचारतो. बाई कशा आहेत?"

मी खोटं काही बोललो नाही. "कामाला वाघ आहेत," मी म्हणालो. "माणसं जोडतात. स्वच्छ आहेत." आणि मग म्हणालो, "फक्त बोलण्याचं जरा बघावं लागेल. राजभवन, पदवीदान समारंभ... तिथे प्रतिमेचा प्रश्न येतो." पलीकडून "हं" असा आवाज आला. मी फोन ठेवला आणि समोरची फाईल उघडली.

बाई मुंबईला मुलाखत देऊन आल्या. अधिष्ठात्यांच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो, तिथे येऊन बसल्या. "सारं बरं झालं," त्या सांगू लागल्या. "शेवटी एका सायबानं विचारलं, तुमी मोठ्या समारंभात बोलण्याचं कसं करता? मी म्हटलं, तोंडानंच करतो सर." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप उचलला.

त्यांची निवड झाली नाही. बाहेरचे एक गृहस्थ आले. माझ्या त्या एका वाक्यानं झालं की आणखी कशानं, हे मला कधीच कळणार नाही, आणि न कळण्याचा आधार मी बरेच दिवस घेतला. नव्या कुलगुरूंनीही प्र-कुलगुरू म्हणून बाईंनाच ठेवलं. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत माझं भाषण सर्वांत चांगलं झालं, असं लोक म्हणाले. महिनाभरात त्या जागेवर माझी नेमणूक झाली. मी खुर्चीवर बसलो. पहिल्याच आठवड्यात तीन माणसं दार ढकलून आत आली, मला पाहून "बाई नाईत का?" म्हणाली आणि परत गेली.

त्या रविवारी मी गाडी काढून त्यांच्या गावी गेलो. तलावाच्या पाळीखाली घर. बाई ओसरीवर बसून सुपात झिंगे निवडत होत्या. "या सर, बसा," म्हणाल्या, पण हात थांबवले नाहीत. मी वाटेत जुळवलेली वाक्यं विसरलो.

"बाई, शोध समितीच्या वेळी मला एक फोन आला होता."

"मले माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोणी नाई. मी बोलण्याचं सांगतलं ना, तवा तुमी हसले. सात वर्षांत माह्या कोण्या गोष्टीवर तुमी हसले नाई, सर. त्या दिवशी पयले हसले."

सुपातले बारीक खडे त्या बोटानं वेगळे काढत होत्या. मी विचारलं, "राग आला असेल."

"आला ना. काऊन नाई येणार? दोन महिने तुमची फाईल आली की मुद्दाम साऱ्याइच्या खालती टाकत होती. मंग कंटाळा आला." मग म्हणाल्या, "कुलगुरू नाई झाली त्याचं तेवढं नाई वाटलं. पण माह्या बोलण्यावर बोट ठेवलं तुमी. तुमच्या बाबूजीइले मी भद्रावतीले एका लग्नात भेटली होती. माह्यासारखंच तर बोलतेत."

माझ्या तोंडून कसंबसं "माफ करा" निघालं.

"ते मले आता जमत नाई," बाई म्हणाल्या. "पुढं जमलं तर सांगीन. खोटं कायले बोलू?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमाले काही कराचंच असन तर सिरोंच्याचं करा. मी नेलं तर तुमी पाडलं. आता तुमी न्या. तुमच्या इरुद्ध बोलणारं तिथी कोणी उरलं नाई."

सोमवारी मी ठराव लिहायला घेतला. तो परिषदेत नेण्याआधी एकदा बसनं सिरोंच्याला जाऊन आलो. जायला आख्खा दिवस गेला. अहेरीच्या पुढे एक मुलगी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसली होती आणि गाडी इतकी आदळत होती की तिला एक ओळ धड वाचता येत नव्हती. विद्यापरिषदेत मी माझेच जुने मुद्दे एकेक करून खोडले. एका सदस्यानं आठवण करून दिली, "सर, मागं तुम्हीच गोपनीयतेचं म्हणाला होतात." मी म्हणालो, "तेव्हा मी चुकीचं बोललो होतो. बाईंचं बरोबर होतं." ठराव पास झाला.

केंद्र सुरू झालं, त्या पहिल्या पेपरला मी सिरोंच्याला होतो. आया मुलींना सोडायला फाटकापर्यंत आल्या होत्या, तेलुगूत सूचना देत होत्या. घंटा झाली, वर्ग भरले. स्थानिक पुढाऱ्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. तो काढून हातात धरून मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो आणि बाईंना फोन लावला.

"सुरू झालं, बाई."

"किती पोरं बसली?"

"एक्केचाळीस."

"पोरी?"

"सव्वीस."

बाईंचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला. "सर, एक सांगू? आज मले तुमचा हेवा वाटून राह्यला. तिथी मी उभी पाह्यजे होती."

आयुष्यात कधीतरी या बाईला माझा हेवा वाटावा, एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी झाली आणि मी हातातला हार कठड्यावर ठेवून दिला. मी म्हणालो, "उद्या गाडी पाठवतो बाई. तुम्ही या. एक पेपर बघून जा."

"या वर्षी नाई जमत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर प्रवास नको म्हणतेत. पुढच्या वर्षी येतो, नक्की."

पुढच्या वर्षी सिरोंच्याला सत्तर मुलं बसली. त्यात मुली किती, ते मी मोजलं. सांगायला बाई नव्हत्या.