अकारविल्हे लावलेली स्थळं

१२ जुलै, शनिवार. त्या दिवशीचं काम एवढंच होतं: आईच्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवून झालं होतं, ते तिच्या हवाली करायचं. मी दहा मिनिटं धरली होती.

आई महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून वधू-वरांची नोंद ठेवते. रविवारी विहारात वंदना झाली की लोक तिच्या हातात बायोडाटा देतात. कर्वेनगरला घरी आली की ती ते संगणकात घालते, प्रत्येकाचा एक फोल्डर. संगणक इतका जुना की बटण दाबून ती गवार निवडायला बसायची. गवार आधी संपायची. नवा घेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं. "हा चालतोय ना?"

म्हणून लिनक्स, जुन्या यंत्रावरही हलकी चालणारी फुकटची प्रणाली. पण त्यात डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, खालची पट्टी ही पडद्यावरची सगळी मांडणी, आपली आपण निवडायची असते आणि ती डझनभर प्रकारांत मिळते. माझा धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला राहतो, आयटीत आहे. आईसाठी कुठला घेऊ, असं त्याला विचारलं. त्याने सात लिंका पाठवल्या आणि खाली लिहिलं, "डिपेंड्स."

तीन शनिवार त्यात गेले. पहिला डेस्कटॉप देखणा, पण माऊस हलवला की बाण मागून सवडीने यायचा. दुसऱ्यातली अक्षरं मुंगीएवढी. तिसऱ्यावर उंदराचं चित्र होतं. रंग सरकारी कपाटासारखा करडा, पण मिनिटभरात चालू. तोच घेतला. आईला काही विचारलं नाही. ती काय सांगणार, असं मला वाटलं होतं. नवी डिस्क बसवली, सगळे फोल्डर उतरवून ताडून पाहिले आणि जुनी डिस्क भावाला देऊन टाकली.

आई खुर्चीत बसली. चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिली.

"ही सगळी कुठे गेली?"

"सगळी आहेत. अकारविल्हे लावलीयेत, बघ."

"कोणी सांगितलं होतं?"

मग उलगडा झाला. तिच्या पडद्यावर डावीकडे नवी स्थळं असायची, उजवीकडे वर लग्न ठरलेली, खालच्या ओळीत चौकशी बाकी असलेली. मधल्या जागेत जी मुलगी, तिच्या शेजारी तिला शोभतील अशी मुलं. हे तिने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. माझ्याकडून फोल्डर आले, जागा आल्या नाहीत.

"तुला नावं आठवत नाहीत?"

"दीडशे मुलं आहेत. मला जागा आठवतात."

दुसऱ्या दिवशी अकराला सोलापूरहून एक गृहस्थ यायचे होते. त्यांची मुलगी नर्स. नवरा गेल्यावर चार वर्षं कुणाचं ऐकत नव्हती, आता कशीबशी तयार झाली होती. आईने दोन महिने विचार करून तिच्याशेजारी तीन मुलं आणून ठेवली होती. त्यातला एक तिला आठवत होता.

जेवणापर्यंत आम्ही फोल्डर उघडत बसलो. सगळे उच्चशिक्षित, सगळे निर्व्यसनी, सगळ्यांना वाचनाची आवड.

"तुझ्या लिनक्सला सांग," आई म्हणाली, "अकारविल्हे लग्नं लागत नाहीत."

मी भावाला फोन लावला. "जुनी डिस्क पुसलीस?"

"उद्या पुसणार होतो."

"हात लावू नकोस. तुझा आळस पहिल्यांदा कामाला आलाय."

"फाइली घेतल्यास ना तू? मग काय राहिलं?"

"जागा."

"ताई, एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. आज मिळेल का?"

"आज ऑफिसात आहे, घरी कोणी नाही. उद्या संध्याकाळी आणून देतो."

"नको. सकाळी मीच येते."

दुपारी मी एक फोल्डर ओढून कोपऱ्यात ठेवला आणि संगणक बंद करून पुन्हा लावला. फोल्डर जागेवर होता. तो देखणा डेस्कटॉप घेतला असता तर पडद्यावर काही ठेवताच आलं नसतं, हे मला तेव्हा कुठे कळलं. निवड बरोबर आली होती, पण त्यात माझं श्रेय काही नव्हतं.

रविवारी साडेपाचला स्कूटर काढली आणि नगर रस्ता तुंबायच्या आत वाघोली गाठली. भावाने अर्ध्या झोपेत डिस्क दिली, चहा विचारला. मी उलट पावली निघाले. घरी येऊन जुनी डिस्क बसवली, तिचा तो अनंतकाळ सरल्यावर पडदा उजळला, त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि नवी डिस्क परत लावली. आई फोटो मोठा करून सांगत गेली, मी फोल्डर ओढत गेले. सुरुवात नर्सपासून केली. तिच्यासाठी काढलेली तिन्ही मुलं शेजारी बसली तेव्हा पावणेदहा झाले होते. आईने त्यांचे बायोडाटा छापून घेतले आणि मी चौकशी बाकी असलेल्यांची ओळ लावायला घेतली.